सत्तेचाळीस नंबरची स्लाइड

टक्.

रविवारच्या दुपारी सामसूम झालेल्या घरात तो आवाज बारीकच झाला, पण झाला. न्हाणीघराच्या बंद दाराआडून आला. पत्र्याच्या डबीचं झाकण उघडलं की होतो तसा.

"लागला वाटतं आईचा गुडघा दुखायला," असं मनाशी म्हणून ती पुन्हा समोरच्या फॉर्मकडे वळली.

घरात माणसं तीन. ती, तिची आई आणि तिची पाच वर्षांची लेक, जिला सगळे ठकी म्हणत. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. तेव्हा चौथा माणूस म्हणून आईचा गुडघाच धरायचा. मोठा शिस्तीचा गुडघा. सकाळच्या चहानंतर दुखायचा, दुपारच्या जेवणानंतर तर हमखास, आणि दिवेलागणीला एकदा. मग आई मलमाची डबी घेऊन न्हाणीघरात जायची, कडी लावायची. दहा मिनिटांनी बाहेर यायची तेव्हा तिच्या मागून कापराचा वास यायचा. "मी लावून देऊ का?" असं तिने आईला दोन-तीनदा विचारलं होतं. "नको गं बाई, म्हाताऱ्या तंगड्या काय दाखवायच्या कुणाला," असं म्हणून आईने ते हसण्यावारी नेलं होतं. मग तिने विचारणं सोडलं.

फॉर्म तिच्या कामावरचा होता. ती एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायची. त्या शहरात तीनातल्या दोन तोंडांत सुपारी असे. तोंडाच्या आणि गळ्याच्या कॅन्सरचा वॉर्ड बारा महिने भरलेला. म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास काढला होता. गाठ दिसायच्या कितीतरी आधी सुपारी खाणाऱ्याच्या गालातल्या पेशी आतून मोडायला लागतात का, हे पाहायचं. खाणारे शंभर हवे होते, ते आठवड्यात मिळाले. तुलनेसाठी न खाणारेही शंभर हवे होते आणि तिथेच घोडं अडलं. "या गावात चहा न पिणारा सापडेल, श्वास न घेणारा सापडेल," प्रयोगशाळेतला रंगारी म्हणाला होता, "पण सुपारी न खाणारा?" रंगारी म्हणजे स्लाइडना रंग देणारा मदतनीस. त्याला त्याच नावाने हाक मारायचे आणि त्यालाही ते आवडायचं. शेवटी ठरलं, सगळ्यांनी आपापल्या घरची माणसं आणायची. ज्यांची खात्री आहे, अशी.

तिने त्याच क्षणी हात वर केला होता.

"आई, तुझं वय सत्तावन्न की अठ्ठावन्न गं?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"तुझ्या बापाने कधी मोजलं नाही, तू कशाला मोजतेस?" दाराआडून आवाज आला, तोंडात पाणी धरून बोलावं तसा.

तिने हसून सत्तावन्न लिहिलं. सहावा प्रश्न होता: सुपारी खाता का? किती वर्षं? शेवटची कधी? हा प्रश्न या घरात विचारायचा? तिने 'कधीच नाही' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. अर्धा जबडा काढला, तरी राहिले नाहीत. शेवटचे चार महिने आईने त्यांना नळीतून भरवलं, त्यांचं तोंड स्वतःच्या हाताने धुतलं. ते गेले त्याच आठवड्यात आईने अडकित्ता भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला, वरून त्याला दम दिला, "विकू नकोस हां कुणाला, वितळव!" तेव्हापासून घरी कुणी गाल फुगवून आलं की आई उंबऱ्यातच अडवायची. "थुंकून या आधी. या सुपारीने माझा संसार कातरला." पेशी मोजायचं काम ती शिकली ते आईच्या या एका वाक्यापायी. तिच्या मनात जगातली माणसं दोन प्रकारची होती, बाबांसारखी आणि आईसारखी.

सोमवारी आई तिच्याबरोबर इस्पितळात आली. तीनदा चूळ भरली. रंगारी म्हणाला, "मावशी, आ करा. मोठा! मगरीसारखा!"

"एवढंच उघडतं बाबा," आई म्हणाली. "भांडायला पुरतं."

सगळे हसले. लाकडी पट्टीने दोन्ही गाल लेकीनेच हलक्या हाताने खरवडले. गाल आतून जरा ताठ लागला, मऊ कापडाऐवजी ताणलेल्या चामड्यावरून पट्टी फिरावी तसा. वय झालं आईचं, तिला वाटलं. हल्ली तिखटही सोसत नाही तिला. भाकरी दुधात कुस्करून खाते. वाटलं आणि विसरली.

तिथली रीत अशी होती की मोजणाऱ्याला स्लाइड कुणाची हे कळू द्यायचं नाही. तिने पेशी काचेवर पसरल्या, रंगारीने पाठमोरं होऊन नंबर चिकटवला. नंबरांची यादी डॉक्टरीणबाईंच्या कुलूपबंद खणात. ओळखीच्या माणसावर डोळा मेहेरबान होतो, म्हणून ही काळजी.

सहा आठवडे ती मोजत होती. एका स्लाइडवर हजार पेशी. प्रत्येक पेशीच्या पोटात एक गोल, गडद केंद्र. पेशी दोन होताना आतली गुणसूत्रं दोघींना सारखी वाटून द्यावी लागतात. सुपारीने ती तुटायला लागली की वाटणी बिघडते. एखादा तुकडा मागे राहतो आणि मोठ्या केंद्राशेजारी आपला वेगळा इवलासा गोळा करून बसतो. रंगारी त्याला पिल्लू म्हणायचा. धड तोंडात हजारामागे एखाददुसरं पिल्लू. खाणाऱ्याच्या तोंडात पुष्कळ. पिल्लू म्हणजे कॅन्सर नव्हे. पण घरातली वाटणीच धड होत नाहीये, एवढं ते सांगतं.

ठकीलाही तिने हे सांगितलं होतं. ठकी म्हणाली होती, "मग त्या तुकड्याला त्याच्या आईकडे परत का नाही सोडत?"

सत्तेचाळीस नंबरच्या स्लाइडवर पहिल्या तीनशे पेशींतच चार पिल्लं निघाली. हजार झाल्या तेव्हा चौदा. दोन ठिकाणी तर एकाच पेशीत जुळी. तिने डोळे चोळले आणि पुन्हा मोजली. चौदाच.

"रंगारी, हे आजोबा बरेच मुरलेले दिसतात," ती म्हणाली.

"लोणच्यासारखे?"

"हसू नकोस. तपासायला बोलवायला हवं त्यांना लवकर." तिने नंबराशेजारी लाल खूण केली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "अशा माणसाच्या घरच्यांना दिसत नाही का रे? रोज एका ताटात जेवतात, डोळे काय गहाण टाकलेले असतात?"

यादी उघडली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीलाच आत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"तुमची लाल खूण पाहिली. सत्तेचाळीस न खाणाऱ्यांच्या यादीत आहे."

"असं कसं होईल?"

"ती तुमची आई आहे."

तिच्या पायाखालची फरशी हलली नाही, काही नाही. पंखा फिरत होता, खिडकीत कुणाची तरी छत्री वाळत होती. ती पटकन म्हणाली, "मग लेबल चुकलं. माझ्याच हातून झालं असणार, मॅडम. स्लाइडची अदलाबदल झाली असेल."

"तसं असेल तर बरंच. पण नसेल तर? तुम्हाला ठाऊक आहे, गालाचं अस्तर दोन-तीन आठवड्यांत नवं होतं. ही पिल्लं जुन्या काळातली नाहीत. ज्याचा हा नमुना आहे, त्याचं त्या महिन्यात खाणं चालू होतं. आईंना घेऊन या. रागावायला नाही, विचारायला."

आई आली ती इस्त्रीची साडी नेसून. डॉक्टरीणबाईंनी फार मऊपणाने विचारलं, "मावशी, लाजू नका. इथे येणाऱ्या दहातल्या सात जणी खातात. कधी, थोडीशीसुद्धा?"

आईने लेकीकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं, त्या 'कधीच नाही'खालच्या रेघेकडे. मग म्हणाली, "डॉक्टर, माझ्या नवऱ्याचं तोंड मी या हातांनी धुतलंय. मी खाईन?"

 मग आईने जरा पुढे वाकून, घरातली गोष्ट सांगावी तशा आवाजात पुढे म्हटलं, "पोर दमते हो माझी. लहान मूल घरी, नवरा लांब. रात्रीची झोप नाही. चुकलं असेल तिचं. सांभाळून घ्या तिला."

लेकीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी तिने मान हलवली. हो, माझंच चुकलं.

"पुन्हा एकदा नमुना घेऊ या का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आज नको. गुडघा फार दुखतोय."

डॉक्टरीणबाई बराच वेळ पेनाचं टोपण फिरवत राहिल्या. "ठीक. स्लाइड बाद करते. पण मग चौदा पिल्लं असलेलं कुणीतरी या शहरात हिंडतंय आणि ते कोण, हे आपल्याला कळणार नाही. आणि ताई, या अभ्यासाच्या मोजणीतून तुम्ही जरा बाजूला राहा. नाइलाज आहे माझा."

परत जाताना बसमध्ये आईने तिचा हात हातात घेतला. "एवढं काय मनाला लावून घेतेस? चूक माणसाच्याच हातून होते." तिला आईच्या खांद्यावर डोकं टेकावंसं वाटलं आणि तिने टेकलं. नंतर तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, आपण टेकलं होतं.

पुढचे तीन दिवस ती काचा धूत होती. सहा आठवडे मोजलेल्या स्लाइड आता दुसरं कुणी पुन्हा मोजत होतं. साबणाच्या पाण्यात हात घालून ती तो सोमवार आठवत राही. आई बसली. पट्टी. काच. माझ्या हातातून रंगारीच्या हातात. मध्ये कोण आलं? कुठे ठेवली मी? आपलं डोकं आपल्यालाच फसवतंय असं वाटायला लागलं. घरी आली की आई ताट वाढायची आणि समजुतीने म्हणायची, "झोप जरा लवकर. ठकीला मी बघते." झोपेचं औषध द्यावं तसं ते वाक्य रोज.

शनिवारी अर्धा दिवस. ती निघताना रंगारी जुनं नोंदीचं पुस्तक काखेत मारून आला. एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस, पण आज शब्द शोधत होता.

"ताई, तुम्ही रागवाल. पण नंबर मी चिकटवला होता, बालंट माझ्यावरही आलंय, म्हणून बघितलं. त्या सोमवारी दिवसभरात बाकी कुणाचा नमुना घेतलाच नव्हता. वीज गेली होती, आपण लोकांना परत पाठवलं. एकच नमुना घेतला आपण. तुमच्या आईंचा." तो थांबला. "बदलायला दुसरा होता कुठे?"

तिने पुस्तकात पाहिलं. तिचंच अक्षर. एकच ओळ.

घरी आली तेव्हा दुपार कलायला लागली होती. ठकी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. आई दिसत नव्हती. तिने पर्स खुंटीला लावली. घर अगदी चिडीचूप, ठकीचा खडू तेवढा कागदावर खरखरत होता.

टक्.

ठकीने मान वर न करताच सांगितलं, "आजीचा गुडघा लागला दुखायला. आता दहा मिनिटं आजीशी बोलायचं नाही."

"का गं?"

"तोंडात असतं ना." आणि मग ठकीचा खडू थांबला. तिने दोन्ही तळहात आपल्या तोंडावर दाबून धरले. वरून दोन मोठे डोळे.

ती मुलीसमोर बसली. आवाज जितका साधा ठेवता येईल तितका ठेवला. "तुला दिलं का कधी आजीने?"

ठकीने जोरजोरात मान हलवली. हात काढून कुजबुजली, "नाही. आजी म्हणते हे वाईट असतं. लहान मुलांना तर फारच. मी फक्त राखण करते. तू आलीस की खोकायचं. आज मी विसरले."

ती उठली आणि न्हाणीघराच्या दाराशी गेली. ठोठावलं नाही. नुसती म्हणाली, "आई, दार उघड."

आत पाण्याचा नळ सुटला. चूळ. पुन्हा चूळ. मग कडी निघाली. आई पदराने ओठ टिपत उभी होती. हातात डबी नव्हती, पण कमरेशी उंचवटा होता. लेकीने हात पुढे केला. आईने थोडा वेळ तो हात न दिसल्यासारखं केलं, मग डबी काढून त्यावर ठेवली.

अर्ध्या भागात मलम, वरवर, वासापुरतं. उरलेल्या अर्ध्यात कागदाच्या घडीत बारीक कातरलेली सुपारी.

"किती वर्षं?"

"तू कधी विचारलंस?" आई म्हणाली. आवाजात चोरी नव्हती, राग होता. "फॉर्म तूच भरलास. कधीच नाही. मी आतून ऐकत होते तुझं पेन. एकदा तरी विचारलंस?"

"आता विचारतेय."

आई न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच बसली. गुडघा न कुरकुरता वाकला. "तुझे बाबा वॉर्डात होते ना, तेव्हा. जबडा अर्धा गेलेला, तरी उशीखाली पुडी. मी ती काढून घेतली आणि तेवढ्यात नर्स आली. माझ्या हातात पुडी. म्हटलं, नवऱ्याची अब्रू जाईल. टाकली तोंडात. ती पहिली." तिने भिंतीकडे तोंड केलं. "मग रात्र रात्र त्या बाकड्यावर बसायचं. कुणी बोलायला नाही. तेवढीच सोबत. ते गेले, ही राहिली."

"आणि अडकित्ता?"

"तो खरंच टाकला. सोडणारच होते त्या दिवशी. मग कातरलेली आणायला लागले."

"अगं, मग मला सांगायचंस!"

"तुला?" आई कडू हसली. "तू तर मोजतेस."

तिला हसावं की रडावं कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. तिने स्वतःला सावरलं, पण पुढचं वाक्य सावरलं नाही. "त्या डॉक्टरांपुढे तू माझ्यावर ढकललंस. माझी पोर दमते म्हणालीस. तीन दिवस मी वेड्यासारखी स्वतःचे हात तपासतेय, आई. आणि तू मला झोप म्हणत होतीस."

"नोकरी काय, दुसरी मिळेल तुला," आई पुटपुटली. "मला दुसरी लेक कुठून मिळणार होती? खरं सांगितलं असतं तर तू पुन्हा माझ्याकडे तसं बघितलं असतंस का, जसं बघायचीस?"

ती खाली बसली, उंबऱ्याच्या अलीकडे. "आ कर."

"कशाला आता."

"आ कर म्हणते ना."

आईने तोंड उघडलं. तिने आपली बोटं उभी धरून दातांमध्ये बसवून पाहिली. वॉर्डात हीच पहिली परीक्षा. धड तोंडात तीन बोटं जातात. एक गेलं. दुसरं कसंबसं गेलं. तिसऱ्याला जागा नव्हती.

"आजीची दोनच जातात," मागून ठकी म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "आम्ही रोज खेळतो. माझी तीन जातात. आजी नेहमी हरते."

म्हणजे पोरीलाही ठाऊक होतं. सहा आठवडे हजार हजार पेशी मोजणाऱ्या तिच्या डोळ्यांना ती दोन बोटं दिसली नव्हती. दुधातली भाकरी दिसली नव्हती, मिरची बाजूला काढणारा हात दिसला नव्हता. पट्टीखालचं चामडं तर तिच्या हाताला लागलंसुद्धा होतं. ती आईच्या गालाला धरून तशीच बसून राहिली. आतून ताठ झालेला गाल बाहेरून अजून तोच होता, लहानपणी झोपताना ती जिथे हात ठेवायची ती जागा.

"सोमवारी तू माझ्याबरोबर येणार," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना खरं सांगणार. तुझ्या तोंडाने. ती स्लाइड तुझी आहे म्हणून."

आईने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं, आणि तिने ते लेकीच्या हातावर पडू दिलं.

"राग सुपारीचा नाही गं," लेक म्हणाली. आता तिचाही आवाज फुटला होता. "तू मला सांगितलं नाहीस, त्याचा आहे. आधीच सांगितलं असतंस तर इतकं झालंच नसतं. एका शब्दाने सांगायचं होतंस."

ठकी दोघींच्या मधे येऊन उभी राहिली. आजीचे डोळे तिने आपल्या फ्रॉकच्या टोकाने पुसले, नीट, एकेक करून. मग आपल्या आईकडे वळली. कपाळाला आठी घालून, काहीतरी खरंच समजून घ्यायचं असल्यासारखी.

"आई," तिने विचारलं, "आजीने तुला आधीच सांगितलं असतं, तर तू तिला रागावली नसतीस?"